पांढरी रिंगणी

८ फेब्रु., रविवार

स. साडेसहाला निघालो. पुढं कोकरे सरांची गाडी, मागं माझी. चाळिसाच्या वर काटा न्यायचा नाही हा नऊ वर्षांचा करार. भिगवणवरून पळसदेवच्या अंगाला, धरणाचं पाणी मागं हटलंय तिथं उतरलो. गाळावर पिवळा धोत्रा माजलाय. सकाळच्या तिरप्या उन्हात पाकळी कागदासारखी आरपार दिसते. तेवढ्यासाठी गेलो होतो.

अर्धा तास बरा गेला. मग एक मोठी गाडी थेट गाळात. लग्नाआधीचं शूटिंग. नवरीच्या लांब झग्याला धोत्र्याचे काटे अडकायला लागले तशी दोघा जणांनी काठ्या घेऊन धोत्रा झोडपला, पन्नासेक पावलांची वाट केली. मग रंगीत धुराच्या नळकांड्या पेटवल्या. गुलाबी धूर, निळा धूर. खाली मेलेले मासे, प्लॅस्टिकच्या ताटल्या, केकचा पुठ्ठा, आणि त्यात ही दोघं एकमेकांच्या कपाळाला कपाळ लावून. मळमळलं. पोटात चहाशिवाय काही नव्हतं म्हणूनही असेल.

सर म्हणाले, जाऊ द्या मुनीरभाई, एवढा धोत्रा पडलाय, पन्नास पावलांनी काय सरतोय. हा माणूस कधी चिडत नाही. शाळेत तरी चिडायचा का, कुणास ठाऊक.

फो. ६. एक ठीक. परत येताना भिगवणला भजी, तेल शिळं.

शमीमला सांगितलं तर म्हणाली, माणसं बघून तुम्हाला शिसारी येते आणि काटे बघून प्रेम. असू दे.

१५ फेब्रु., रविवार

सुपे. लिहिताना हसू येतंय स्वतःचं.

सुप्याच्या पुढं नेहमीच्या माळावर. गवत वाळून तांबूस. काही मिळेल अशी आशा नव्हती. मुरमात काटेरिंगणी जमिनीला चिकटून, परातीएवढी पसरलेली. लांबून वाटलं, काट्यांत कागदाचे कपटे अडकलेत. इथंही कचरा पोचला म्हणून शिवी घालतच वाकलो. कपटे नव्हते. फुलं होती. पांढरी.

रिंगणीचं फूल जांभळं. साठ वर्षांत दुसरं पाहिलं नाही. सरांना हाक मारली.

सर आले, बघितलं आणि खाली बसले. टोपी काढली. म्हणाले, माझी आई मेंढरांमागं हिंडायची तेव्हा एकदा दिसली होती तिला, मरेपर्यंत सांगायची. मी तीस वर्षं शोधतोय. डोळे भरले होते त्यांचे. मी दुसरीकडं बघितलं.

पोटावर झोपून चाळीस मिनिटं. पांढऱ्यावर ऊन पडलं की पाकळीतलं सगळं धुऊन जातं, म्हणून सरांनी टोपीची सावली धरली. शेजारी त्यांची ती सहा इंची पट्टी. पाच फुलं, नऊ कळ्या, वहीत नोंद. मधे एक वाळकी काडी येत होती. मोडायला हात पुढं केला तर मनगट धरलं माझं. 'हात लावायचा न्हाय. कॅमेरा हलवा.' ते तसेच. नऊ वर्षांत एक पाकळी तोडू दिली नाही.

जागा कुणाला सांगायची नाही, फोटो कुठंही टाकायचा नाही. दोघांचं ठरलं.

परतताना कन्हेरीला त्यांच्या घरी चहा. वहिनींना कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवला, चार गोष्टी सांगितल्या. वैशाली, त्यांची सून, चहा घेऊन आली. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचा चष्मा माझ्याच दुकानातून. मला चाचा म्हणते. तिच्या दोन मुली अंगणात. निघताना फाटकापाशी सर हळूच म्हणाले, पुन्हा गोड बातमी आहे, तिसऱ्यांदा. मी अभिनंदन म्हणालो. ते नुसतं हसले.

कोपरात सात काटे. शमीमनं सुईनं काढले.

१९ फेब्रु., गुरुवार

पहिला रोजा. दुकानात दिवसभर गर्दी. पांढऱ्या रिंगणीचा फोटो मोठा करून पाहिला. पाकळीच्या शिरा दिसतात, मधले पिवळे दांडे, एकावर मुंगीचा पाय. चष्मे विकून जन्म गेला, पण असं स्वच्छ कधी काही...

इम्रान म्हणाला, अब्बा, स्पर्धेला पाठवा. नाही म्हणालो.

२२ फेब्रु., रविवार

सरांचा गुडघा दुखतोय. एकटाच. कोऱ्हाळ्याकडं, कालव्याच्या कडेनं. पांगारा फुललाय, भोरड्यांचा कलकलाट. झाडाखाली जावं तर वास. कुणीतरी मेलेल्या कोंबड्यांची पोती आणून टाकलीत. एक फुटलेलं. पिसं उडून पांगाऱ्याच्या पडलेल्या लाल फुलांत मिसळलेली. नाकाला रुमाल बांधून दोन फोटो घेतले आणि लक्षात आलं, मी पोती चौकटीतून बाहेर ठेवतोय. घरी बसून बघणाऱ्याला वाटेल काय सुंदर जागा. नऊ वर्षं हेच करतोय.

रोज्यात राग करू नये. प्रयत्न करतो.

१ मार्च, रविवार

गेली.

सकाळी सर आणि मी सुप्याला, फळ धरलं का बघायला. जागा चुकली असं वाटलं आधी. नाही. तोच दगड, तेच हिवराचं झाड. रिंगणीच्या जागी खड्डा. वीतभर खोल, कडा सरळ, खुरप्याचे घाव स्पष्ट. मूळ नेलंय. वरचा पसारा उपटून तिथंच फेकलेला, फुलं वाळून चहाच्या चोथ्यासारखी.

सर म्हणाले, रानडुकरानं उकरलं असंल.

मी म्हणालो, डुकराला खुरपं कोण देतं, सर? ते गाडीकडं वळले.

थोड्या अंतरावर एक म्हातारा मेंढरं घेऊन उभा होता. ह्या माळावर दुसरं कोण येतं? त्याच्या अंगावर गेलो. कुणासाठी उकरलंस, कुठल्या वैदूला दिलंस, काय काय बोललो. आईवरून बोललो. तो नुसता म्हणाला, 'म्या न्हाय उकरलं.' माझ्या मागं एकदा बघितलं, मग खाली. सर गाडीपाशी उभे होते, किल्ली बोटात फिरवत.

पाण्याचा थेंब न घेता रोजा तोंडानं मोडला.

त्या म्हाताऱ्याचा चेहरा... पोरानं बोलावं आणि मोठ्यानं सोडून द्यावं तसं ऐकून घेतलं त्यानं, आणि मी काही पोर नाही.

८ मार्च, रविवार

सरांचं पुन्हा गुडघ्याचं कारण. बरंच झालं. मला त्या म्हाताऱ्याला भेटायचं होतं आणि ते कुणासमोर करायची लाज वाटत होती.

सुप्याच्या अलीकडं पाणवठ्यावर सापडला. गाडी लावली, जवळ गेलो. म्हणालो, तात्या, त्या दिवशी तोंड सोडलं, चुकलं माझं. तो म्हणाला, त्येचं काय एवढं, आमाला रोज कोणतरी बोलतंच. जागा झाडून दिली, बसा म्हणाला. बसलो. मेंढरांचं पाणी पिऊन झालं. मग मी विचारलं, तुम्ही कुणाला पाहिलं होतं का तिथं?

त्यानं काठीनं जमिनीवर रेघ ओढली, पुसली.

'तुमच्या संगं हुते न्हवं, त्ये गुरुजी. बेस्तरवारी आल्ते. येकलेच. पिशवीत खुरपं हुतं.'

मी म्हणालो, मग त्या दिवशी का नाही बोललात? मी एवढ्या शिव्या देत होतो.

'तुमी दोगं एका जागी उभं. तुमच्या म्होरं त्यास्नी खाली बघाय लावू व्हय? माजी नात शिकलीय त्यांच्याकडं.'

हात जोडले, निघालो. गाडी सुरू व्हायला पाच किका लागल्या. गाडीचा दोष नव्हता.

९ मार्च, सोमवार

कुंडीत लावायला नेली असेल. माळावर कुणीतरी उपटेल ह्या भीतीनं. पण मग पसारा का फेकला? मूळ राहिलं की फुटते पुन्हा, असं त्यांना वाटलं असेल. सर आहेत ते, उगाच नाही करणार. मला सांगायचं राहून गेलं असेल.

हे लिहितानाच कळतंय, मी कुणाची समजूत घालतोय ते. डुकरानं उकरलं, असं तेच म्हणाले होते.

११ मार्च, बुधवार

दुकान इम्रानवर टाकून दुपारी कन्हेरी. निमित्त, वैशालीच्या चष्म्याची दांडी. सर घरी नव्हते. अंगणात कुंड्या बघितल्या. तुळस, कोरफड, दोन गुलाब. रिंगणी नाही. परसातही नाही.

वैशाली बाहेरच्या खोलीत पडून होती. तोंड सुकलेलं. उठायला लागली, नको म्हणालो. वहिनींनी इफ्तारसाठी खजूर दिले, दर वर्षी देतात. खुशीत होत्या. 'ह्या खेपेला सगळं चांगलं होणार बघा भाऊजी,' म्हणाल्या. धाकटी नात मांडीवर होती तेव्हाच म्हणाल्या. तिच्या केसांतून हात फिरवत.

खजूर घेऊन लगेच उठलो. का ते त्या क्षणी नीट कळलं नव्हतं. आता थोडं थोडं...

१५ मार्च, रविवार

लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

मीच फोन करून सरांना बोलावलं. कोऱ्हाळे बुद्रुक, कालव्याचा रस्ता. दोन्हीकडं ऊस. तो पुढं, मी मागं, ती ओळखीची पाठ बघत, चाळीसच्या चाळीस. पांगाऱ्यापाशी थांबलो. कॅमेरा काढला नाही. विचारलं, 'गुरुवारी सुप्याला का गेला होता, सर?'

त्यानं टोपी काढून गाडीच्या आरशाला अडकवली. मग सगळं सांगितलं, हळू, वर्गात धडा सांगावा तसं. बायको रोज रडत होती. दोन मुली, तिसरी झाली तर काय. पांढऱ्या रिंगणीच्या मुळीनं मुलगा होतो हे तिनं धरून ठेवलं, जेवण सोडलं. मग तो जाऊन मूळ घेऊन आला. एकाच रंगाच्या गाईच्या दुधात उगाळलं. थोडं उजव्या नाकपुडीत घालायचं असतं, उरलेलं प्यायला. वैशालीला सांगितलं, मळमळीवरचं औषध आहे.

मी विचारलं, 'नाकात कुणी घातलं?'

'हिनं. मी वाटी धरली व्हती.'

'तुमचा विश्वास आहे ह्यावर?'

'न्हाय.'

'मग?'

'विश्वास न्हाय म्हणूनच दिलं, मुनीरभाई. वाटलं, ह्यानं काय होणार न्हाय. घरात तेवढीच शांतता.'

एकतीस वर्षं दहावीच्या वर्गाला शिकवलं ह्या माणसानं. मुलगा की मुलगी ते बापाकडून ठरतं. फळ्यावर एक्स, वाय. माझी सलमा त्याच वर्गात होती, घरी येऊन आम्हा दोघांना शिकवलं होतं तिनं. शमीम रडली होती त्या दिवशी. तोच माणूस वाटी धरून उभा. विश्वास असता तर निदान...

कालव्याच्या कठड्याला धरून कोरडे उमासे आले. पोटात काहीच नव्हतं. त्यानं पाठीवर हात ठेवला. झटकला.

घरी येताना गाडी साठाच्या वर नेली. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

१६ मार्च, सोमवार

झोप नाही. एक गोष्ट कालपासून ढकलतोय, लिहूनच टाकतो.

बायकोनं धरून ठेवलं, असं तो म्हणाला. तिला कुणी सांगितलं? मी. १५ फेब्रु.ला, तिच्या हातात कॅमेरा देऊन, चहा पिता पिता. 'वहिनी, जुनी माणसं हिला लक्ष्मणा म्हणायची. मुलगा व्हावा म्हणून द्यायची.' कुठंतरी वाचलं होतं, फुशारकीनं सांगितलं. हसत सांगितलं. वैशाली ट्रे घेऊन शेजारीच उभी होती. वर ह्या वहीत काय लिहिलं तर 'चार गोष्टी सांगितल्या'.

जागा सांगायची नाही म्हणून शपथा घेतल्या आणि हे सांगून आलो.

२१ मार्च, शनिवार

ईद. नमाजाहून आलो तर कोकरे ओट्यावर बसलेला, हातात मिठाईचा पुडा. दर वर्षी दोघं येतात, आज एकटा. इम्रान पाया पडला. शमीमला काही माहीत नव्हतं, तिनं शीरखुर्मा दिला, वैशाली कशी आहे विचारलं. तो बरी आहे म्हणाला. माझ्याकडं बघून गळामिठीसाठी हात पुढं केले. घरात पाहुणे होते. मिठी मारली. त्याच्या शर्टाचा वास, साबण आणि तंबाखू, नऊ वर्षांचा ओळखीचा वास, आणि अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

तो गेल्यावर शमीमला सगळं सांगितलं. मला वाटलं ती तोबा तोबा करेल. ती भांडी गोळा करत राहिली. मग म्हणाली,

'इम्रानच्या वेळी तुमच्या अम्मीनं मला काय काय पाजलं, आठवतं? सलमा आणि रुबीनानंतर? चाळीस दिवस. राख होती त्यात. मी ओकायचे आणि त्या पुन्हा पाजायच्या.'

म्हणालो, मला ठाऊक नव्हतं.

'ठाऊक होतं. तुम्ही बाहेर गाडीच्या चेनला तेल घालत होता. मला खिडकीतून दिसायचात.'

एवढंच. भांडी घेऊन आत गेली.

खरंय ते. चेनला तेल घालत होतो. चेनला रोज कुणी तेल घालतं का?

२६ मार्च, गुरुवार

दु. बाराला वैशालीचा फोन. आवाज ओळखू येईना. पहाटेपासून रक्तस्राव, दवाखान्यात दाखल, सलाइन चालू. डॉक्टरबाई विचारतायत काही घेतलं होतं का. तिनं सांगितलं, नाकात घातलं, पाजलं. कशाचं मूळ ते घरात कुणी सांगत नाही, सासूबाई म्हणतात साधं घरगुती होतं. तिला त्या दिवशीचा माझा कॅमेरा आठवला.

'चाचा, तुम्ही त्याचा फोटो काढलाय ना? मला पाठवा. डॉक्टरांना दाखवायचाय.'

मी दोन मिनिटांत पाठवतो म्हणालो. वीस मिनिटं लावली. इम्रान काउंटरवर, गिऱ्हाईक नंबर तपासायच्या खुर्चीत, आणि मी आतल्या खोलीत फोन हातात धरून. पाठवला की कोकऱ्याचं घर फुटणार. नाही पाठवला तर मी पुन्हा बाहेर चेनला तेल घालत उभा.

पाठवला. खाली रिंगणीचं नाव लिहिलं, मराठी आणि शास्त्रीय. शास्त्रीय नाव कोकऱ्यानंच शिकवलेलं.

२७ मार्च, शुक्रवार

शमीमसोबत दवाखान्यात. रक्त थांबलंय. ठोके आहेत, पण डॉक्टरबाई खात्रीनं काही बोलत नाहीत. मुळीमुळं झालं का, हे सांगता येणार नाही म्हणाल्या. ह्या दिवसांत अशानंही होतं, तशानंही. आराम, औषधं, दहाबारा दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी. फोटो बघून म्हणाल्या, सुंदर आहे, तुम्ही काढला? मान हलवली. कुठं तोंड लपवावं कळेना.

वैशाली छताकडं बघून बोलत होती. तक्रार नव्हती आवाजात. 'त्या म्हणाल्या डोळे मीट, चुरचुरतं. मी मिटले. मला वाटलं होतं, माझ्या मळमळीची काळजी वाटली कुणाला तरी.'

शमीमनं तिचा हात धरला. मी चष्मा पुसून दिला तिचा. दुसरं काय येतं मला?

बाहेर बाकावर कोकरे. समोरून गेलो.

३० मार्च, सोमवार

कोकऱ्याचा फोन. 'फोटो तुम्ही दिला?' दिला म्हणालो. 'मला आधी विचारायचं व्हतं.'

'तुम्ही तिला विचारलं होतं?'

ठेवला त्यानं.

वैशाली दोन्ही मुलींना घेऊन माहेरी, इंदापूरला. तिचा नवरा सचिन सोडून आला. तो बापाशी बोलत नाही म्हणे. आईशी बोलतो. हे कसलं? उगाळलं तिनंच ना.

५ एप्रिल, रविवार

एकटा. इंदापूर रस्ता, मग डावीकडं माळाला. नेपतीला बहर. पान नाही, नुसत्या हिरव्या काड्या आणि त्यावर विटकरी लाल फुलं. तरवडाच्या दोनचार पिवळ्या फांद्या. ऊन चढायच्या आधीचा उजेड, असा की डोळे झाकून काढला तरी फोटो यावा. कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. गाडी स्टँडला लावून खाली बसलो.

कशाचीच गोडी नाही. रस्त्याकडेला फेकलेल्या बाटल्या, पाण्याचे पाऊच, एक मेलेलं कुत्रं. हे सगळं रोजचंच. त्याची किळस आता जुनी झाली, अंगवळणी पडली. आपण स्वच्छ आणि बाकीचे घाण असं वाटण्यात एक सुख होतं, तेही गेलं.

घरी येऊन पांढऱ्या रिंगणीचे फोटो पुसायचे म्हणून उघडले. चौदा होते. तेरा पुसले. चौदाव्यावर बोट थांबलं. तोच तो, मुंगीचा पाय दिसणारा. चांगला आलाय. इतका चांगला पुन्हा येणार नाही. हे असं मनात आलं ह्याचीच जास्त शिसारी.

राहू दिला.

७ एप्रिल, मंगळवार

दुकानात, काउंटरखाली वही धरून लिहितोय.

तीनला कोकरे आला. गाडीवरून नाही, एसटीनं. दाढी वाढलेली. गिऱ्हाइकांच्या बाकावर बसला. इम्राननं पाणी दिलं. मी एका बाईंच्या चष्म्याचे स्क्रू पिळत होतो, वर बघितलं नाही. बाई गेल्यावर म्हणाला,

'आज तिची सोनोग्राफी. पाचला. सचिन गेलाय, पण तो मला सांगणार न्हाय. तिचा फोन तुमाला येईल.'

मी म्हणालो, मलाही येईल असं काही नाही.

'येईल,' म्हणाला.

हाकलून द्यावं असं वाटलं. द्यायला हवं होतं. त्याचे हात गुडघ्यांवर होते, वाटी धरलेले. नजर पुन्हा पुन्हा तिथंच जाते. ह्याच हातांनी टोपी धरून फुलावर सावली केली होती, हेही तितकंच खरं, आणि दोन्हींची बेरीज मला जमत नाही.

साडेपाच. काही नाही. चहा सांगितला, सवयीनं दोन आले. त्यानं घेतला नाही. मी आग्रह केला नाही. साय धरली.

सहा. एक म्हातारबाबा नातवाबरोबर नंबर तपासायला आले. कोकरे उठला, जागा दिली, भिंतीला टेकून उभा राहिला. बाबांना खालची ओळ वाचता येईना, तर सवयीनं पुटपुटला, घाई करू नका, सावकाश. मास्तरच तो. मी त्याच्याकडं बघितलं तशी गप्प झाला.

इम्राननं विचारलं, अब्बा, आपणच फोन करू का? नको म्हणालो. बाईच्या जिवाचं आहे, ती सांगेल तेव्हा सांगेल. तिला वाटलं तर.

सहा पंचवीस. फोन वाजला. कोकरे ताडकन उठला. फलटणचं गिऱ्हाईक, चष्मा तयार झाला का म्हणून. झालाय म्हणालो. कोकरे बसला.

मला विचारलं, काय लिहिताय? म्हणालो, हिशेब. खोटंच.

सात वाजत आले. अजून काही नाही. तो उठत नाही. दुकान आठपर्यंत उघडं असतं. बसू दे.